सोन्याआधी मशीन बघ

मनू,

तुझा सिनॉप्सिस रात्री जेवणं उरकल्यावर निवांत वाचला. लिहिलंस छान गं, पण पहिल्याच पानावर कॅन्सर बरा करून मोकळी झालीस. सोन्याचे नॅनोकण शिरेतून सोडायचे, ते गाठीत जाऊन बसणार, वरून रेडिएशन दिलं की गाठ संपली आणि शेजारच्या पेशींना धक्का नाही. एवढं सोपं असतं तर आमचं रेडिएशनचं खातं केव्हाच बंद झालं असतं. रागावू नकोस. बाटलीतलं तुला जास्त कळतं, मशीनमधलं मला. म्हणून तुझे सर ज्या गोष्टी बोलणार नाहीत त्या मी बोलते. आईला यातलं काही सांगू नकोस, ती लगेच म्हणेल की ताईने पोरीला नाउमेद केलं.

कल्पना मुळात खरी आहे, हे आधी सांगून टाकते. किरणाला गाठ कुठली आणि चांगलं मांस कुठलं हे कळत नाही. आम्ही सीटीवर गाठ आखतो, पेशंटच्या तोंडावर मास्क बसवून त्याला हलू देत नाही, चहूबाजूंनी बीम फिरवतो. तरी गाठीपर्यंतची वाट चांगल्या पेशींतूनच जाते. तोंडाच्या कॅन्सरला साधारण ६६ ते ७० ग्रे लागतात (ग्रे म्हणजे आमचं डोसचं माप). रोज दोन ग्रे, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे साडेसहा-सात आठवडे. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास तोंड येतं. वरणभातसुद्धा झोंबतो, मग पातळ पेज, आणि तीही जाईना झाली की नाकातून नळी. डोस आणखी वाढवला तर गाठ कदाचित जास्त मरेल, पण जबड्याचं हाडही हातचं जाईल. तेव्हा बाहेरचा डोस तोच ठेवून फक्त गाठीच्या आत तो वाढवता आला, तर आम्हाला हवाच आहे.

तिथे जड धातूचं काम. कमी ऊर्जेचा एक्स-रे फोटॉन अणूतल्या आतल्या इलेक्ट्रॉनवर आदळतो, स्वतः संपतो आणि त्या इलेक्ट्रॉनला बाहेर भिरकावतो. हे घडण्याची शक्यता अणुक्रमांकाच्या तिसऱ्या-चौथ्या घाताने वाढते. आपलं शरीर म्हणजे बहुतांशी हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन. अणुक्रमांक १, ६ आणि ८. सोन्याचा ७९. फरक कुठल्या कुठे जातो ते तूच बघ. जुन्या कमी व्होल्टेजच्या यंत्रांवर काम करणाऱ्यांना हाडात जास्त डोस बसतो हे ठाऊक होतंच, कारण हाडात कॅल्शियम. पुढे १९८० च्या सुमारास आयोडीन मिसळलेल्या पेशी एक्स-रेने जास्त मरतात हेही दिसलं. सोनं या रांगेत उशिरा आलं.

आता तुझा लाडका पेपर. हेनफेल्ड, स्लॅटकिन आणि स्मिलोविट्झ, २००४. प्रत्येक नॅनोवाल्याच्या पहिल्या पानावर तोच असतो आणि असायलाही हवा, कारण काम सुरेख आहे. उंदरांच्या कातडीखाली स्तनाच्या कॅन्सरच्या गाठी वाढवल्या, १.९ नॅनोमीटरचे सोन्याचे कण शिरेतून दिले आणि लगेच एक्स-रे. वर्षभराने नुसत्या एक्स-रेचे २० टक्के उंदीर जिवंत होते, सोनं आणि एक्स-रे दोन्ही मिळालेले ८६ टक्के, आणि नुसतं सोनं मिळालेला एकही नाही. हा शेवटचा आकडा तू सिनॉप्सिसमध्ये घेतलाच नाहीस. तो घे. सोनं एकटं काही करत नाही हे त्यातूनच कळतं.

त्या पेपरमध्ये आणखी दोन आकडे आहेत, त्यांच्यावरून बहुतेकांची नजर घसरते. पहिला म्हणजे सोन्याचं प्रमाण: उंदराच्या वजनाच्या किलोमागे २.७ ग्रॅमपर्यंत. हाच हिशोब सरळ साठ किलोच्या बाईला लावला तर १६२ ग्रॅम, म्हणजे जवळपास चौदा तोळे! आपल्या दोघींच्या लग्नात मिळून तेवढं झालं नसतं, आणि हे शिरेतून द्यायचं. औषधाचा डोस उंदरावरून माणसावर नेताना असा थेट वजनावर नेत नाहीत, आकडा पुष्कळ खाली येतो, हे मला माहीत आहे. तरी खर्चाचा प्रश्न उरतोच.

दुसरा आकडा २५० किलोव्होल्ट, आणि माझं सगळं म्हणणं या आकड्यावर उभं आहे. त्यांनी वापरलेली एक्स-रे ट्यूब त्या ऊर्जेची होती. कातडीखालच्या गाठीला ती चालते. माणसाच्या घशात, फुप्फुसात, पोटात असली किरणं पोचेपर्यंत कातडीचं वाटोळं होतं; म्हणून तर आपल्या लोकांनी ती यंत्रं सोडून आधी कोबाल्ट आणि मग लिनॅक घेतला. आमच्या लिनॅकवर रोज चालतो तो ६ मेगाव्होल्टचा बीम. त्यातल्या फोटॉनची सरासरी ऊर्जा सुमारे दोन दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट. भाभाट्रॉन किंवा दुसरं कुठलंही कोबाल्ट मशीन घेतलंस तर १.१७ आणि १.३३. या ऊर्जेला कॉम्प्टन परिणामाचं राज्य असतं, म्हणजे फोटॉन इलेक्ट्रॉनवर आपटून नुसता विखुरतो, आणि कॉम्प्टनला समोर सोनं आहे की पाणी याचं फारसं सोयरसुतक नसतं. सांग-ह्यून चो यांनी २००५ मध्ये संगणकावर हे मांडून दाखवलं. गाठीच्या ग्रॅममागे ७ मिलिग्रॅम सोनं असेल तर १४० किलोव्होल्टला डोस निदान दुप्पट होतो. तेच ४ किंवा ६ मेगाव्होल्टला सोन्याच्या प्रमाणानुसार १ ते ७ टक्के वाढ. दुप्पट कुठे आणि पाच टक्के कुठे!

तुझ्या सिनॉप्सिसमध्ये मशीनचा उल्लेख एका ओळीत आहे: 'नमुन्यांवर विकिरण केले जाईल'. कुठलं? कशाने? किती खोलीवर? अगं, सगळा खेळ त्या ओळीत आहे आणि तू ती साड्यांच्या यादीत फॉल-बिडिंग लिहावं तशी उरकून टाकलीस.

लगेच हातपाय गाळू नकोस, कारण खरी मजा इथून पुढे आहे. भौतिकशास्त्र म्हणतं पाच टक्के, पण प्रयोगशाळेत ६ मेगाव्होल्टलाही सोनं पोटात घेतलेल्या पेशी त्या हिशोबापेक्षा जास्त मरताना दिसतात. एक कारण बरंचसं कळलेलं आहे. सोन्याच्या अणूतून आतला इलेक्ट्रॉन उडाला की जागा भरताना ओझे (Auger) इलेक्ट्रॉनांची सर सुटते. हे इलेक्ट्रॉन फार दुबळे. काही नॅनोमीटर ते फार तर मायक्रोमीटरभर जातात. सगळ्या गाठीवर सरासरी काढली की वाढ नगण्य दिसते, पण कणाला खेटून मोजली तर प्रचंड. दुसरं कारण जीवशास्त्रातलं: कण पेशीत शिरला की ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढतात, पेशीची दुरुस्ती आणि विभागणी बिघडते. या दोन्हींचा वाटा किती यावर तज्ज्ञांची अजून भांडणं चालू आहेत. त्यातून तुझ्या कामाचं एवढंच घे की कण नेमका कुठे बसलाय यावर सगळं अवलंबून. अंगणात लवंगी फटाका फुटला म्हणून माजघरातलं भांडं पडत नाही. तसंच पेशीच्या बाहेर बसलेल्या कणाने केंद्रकातल्या डीएनएला फारसं काही होत नाही.

आणि कण कुठे बसणार हे तुझं खातं आहे. यात मला काडीची अक्कल नाही, पण तुझ्या लॅबमध्ये त्या दिवशी जे बघितलं ते डोक्यात राहिलंय. उकळत्या गोल्ड क्लोराइडच्या फिक्या पिवळ्या पाण्यात तू सायट्रेट ओतलंस, पाणी रंगहीन झालं, मग काळपट निळं, आणि बघता बघता डाळिंबी. फ्लास्क अम्लराजाने धुतला नसता तर हा रंग आला नसता म्हणालीस. टर्केविचने १९५१ मध्ये दिलेली रीत अजून तशीच चालते याचं मला कौतुक वाटलं. पण खरी गंमत तू नंतर दाखवलीस: त्याच डाळिंबी पाण्यात चिमूटभर मीठ टाकलंस आणि ते जांभळट निळं होऊन गेलं. कण एकमेकांना चिकटले, संपलं. मनू, आपलं रक्त खारट आहे, आणि तुझ्या पेशी ज्या माध्यमात वाढतात तेही खारटच. शिवाय त्यातली प्रथिनं कणावर जाऊन बसतात ती वेगळीच. तू १५ नॅनोमीटरचा कण बनवलास असं बाटलीवर लिहिशील, पण पेशीला भेटेल तो कण तुझ्या बाटलीतला नसेल. तेव्हा माध्यमात घातल्यानंतर तासाने, दिवसाने वर्णपट पुन्हा घे. ५२० नॅनोमीटरचं शिखर जागेवर आहे की पसरलंय ते बघ. हा एवढा तक्ता जरी थीसिसमध्ये नीट आला तरी परीक्षक मान डोलावतील.

शिरेतून द्यायचं म्हणालीस तर आणखी एक आकडा मनाची तयारी ठेवून वाच. टोरंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये दहा वर्षांतले प्रयोग एकत्र करून बघितले. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचतात ते मध्यकाने ०.७ टक्के. शंभरातला एकसुद्धा नाही. बाकीचे यकृत आणि प्लीहा गिळतात. साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान असले तर मूत्रपिंडातून निघून जातात. गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, म्हणून कण तिथे आपोआप साचतात, असं तू मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलंयस. उंदराच्या दहा दिवसांत फुगलेल्या गाठीला ते शोभतं. माणसाची गाठ अनेकदा वर्षानुवर्षं वाढलेली असते, तिच्या आतला दाब जास्त असतो, आणि एकाच गाठीचे दोन कोपरे सारखे वागत नाहीत.

म्हणूनच पेशंटपर्यंत जे पोचले त्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. त्यात सोनं नाहीच! पॅरिसच्या नॅनोबायोटिक्स कंपनीने हाफ्नियम ऑक्साइड घेतलं, अणुक्रमांक ७२. अणुभट्टीच्या नियंत्रक कांड्यांत वापरतात तोच हा धातू. सुमारे ५० नॅनोमीटरचे कण, आणि शिरेतून देण्याची भानगडच ठेवली नाही. स्कॅन बघत थेट गाठीत सुई घालून एकदाच टोचायचे. ते रेडिएशनचे पाचही आठवडे तिथेच बसून राहतात, आणि सीटीवर दिसतात त्यामुळे कुठे आहेत हेही कळतं. इन्स्टिट्यूट क्युरीच्या सिल्व्ही बॉनव्हालो यांच्या नेतृत्वाखाली हातापायांच्या आणि धडाच्या भिंतीच्या सार्कोमावर चाचणी झाली, २०१९ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आली. आधी ५० ग्रे रेडिएशन, मग शस्त्रक्रिया. काढलेल्या गाठीत जिवंत कॅन्सर जवळपास उरलाच नाही असे पेशंट नुसत्या रेडिएशनच्या गटात ८ टक्के, कणांच्या गटात १६. युरोपात त्याच वर्षी परवाना मिळाला.

दुप्पट, असं मथळ्यात येतं. खोटं नाही. पण हे ८७ पैकी १४ आणि ८९ पैकी ७ आहे, आणि मोजलंय ते गाठीचं मरण. पेशंट किती जगला हा वेगळा प्रश्न. काहींना टोचल्यावर रक्तदाब उतरणं, अंगाची तीव्र प्रतिक्रिया येणं हेही झालं. मला विचारशील तर हा निकाल मला उंदरांच्या ८६ टक्क्यांपेक्षा जास्त मोलाचा वाटतो. माणसात, मोठ्या मशीनवर, पारखून घेतलेला आहे, आणि आकडा लहान असला तरी हाताला लागतो.

दुसरे फ्रेंचच, ग्रेनोबल आणि लियोनचे. त्यांनी गॅडोलिनियम धरलं, अणुक्रमांक ६४, एमआरआयच्या कॉन्ट्रास्टमधलं. कण पाचेक नॅनोमीटरचा, शिरेतून जातो, काम झालं की लघवीवाटे बाहेर. मेंदूत पसरलेल्या कॅन्सरच्या १५ पेशंटना किलोमागे १५ ते १०० मिलिग्रॅमपर्यंत चढत्या मात्रेने देऊन बघितलं, सोबत संपूर्ण मेंदूला १० वेळात ३० ग्रे. सोसवलं, आणि गाठीत कण गेलेले एमआरआयवर दिसले. पहिल्या टप्प्याच्या चाचणीकडून याहून जास्त मागू नये. माझ्यासारखीला यात सर्वांत आवडलं ते कण दिसणं. जे दिसत नाही त्याचं प्लॅनिंग मी कसं करू?

सोन्याचे कण माणसात गेलेच नाहीत असं मात्र लिहू नकोस. प्रोस्टेटच्या १६ पेशंटवरचा २०१९ चा अमेरिकेतला अभ्यास तुझ्या यादीत आहे, पण तो तू चुकीच्या कप्प्यात टाकलायस. त्यात सोन्याचं कवच असलेले कण लेझरने तापवून गाठ भाजली होती. रेडिएशनचा संबंध नाही. आमचे पेशंट रेडिएशनलाही 'लाईट घ्यायला आलोय' म्हणतात, त्यामुळे पेपरवाल्यांनी गोंधळ घातला तर मी समजू शकते. तू घालू नकोस.

आता घराजवळचं बोलू. आपल्याकडे रांग कसली असते? तंबाखू, गुटखा, मिश्री. तोंडात दोन बोटंसुद्धा जात नाहीत असे पस्तिशी-चाळिशीतले पुरुष, आणि त्यांच्यामागे डबा घेऊन उभ्या त्यांच्या बायका. यांना रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन देतात. प्लॅटिनम, अणुक्रमांक ७८, सोन्याचा सख्खा शेजारी! पण ते किरण अडवून काम करत नाही, डीएनएला गाठी मारतं. म्हणजे रेडिएशनला धातूची साथ आपल्याकडे कित्येक वर्षं आहेच, फक्त कारण वेगळं आहे. ज्यांची मूत्रपिंडं किंवा कान सिस्प्लॅटिन सोसणार नाहीत त्यांच्यासाठी परळच्या टाटा मेमोरियलने डोसेटॅक्सेलची लहान साप्ताहिक मात्रा वापरून बघितली. २०२३ मध्ये आलेला निकाल असा: दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण नुसत्या रेडिएशनने ४१.७ टक्के, डोसेटॅक्सेल जोडल्यावर ५०.८. जुनं, पेटंट संपलेलं औषध, आणि तालुक्याच्या बाजारातही मिळेल अशा किमतीत.

हे तुला का सांगतेय? हाफ्नियमवाल्यांची मोठी चाचणी २०२२ पासून नेमक्या अशाच पेशंटवर चालू आहे, डोक्या-मानेचा कॅन्सर असलेल्या आणि सिस्प्लॅटिन न झेपणाऱ्या वयस्कर माणसांवर. तिथे तुलना रेडिएशनशी आहे, डॉक्टरांना योग्य वाटलं तर सोबत सेटुक्सिमॅब. त्यांच्या देशात ती तुलना बरोबर असेल. आपल्याकडे मात्र कुठल्याही नव्या कणाला डोसेटॅक्सेलशी झुंजावं लागणार आहे. तू प्रस्तावनेत 'रेडिएशनला साथ देणारे प्रभावी पर्याय उपलब्ध नाहीत' असं लिहिलंयस, ते वाक्य आजच काढ. तोंडी परीक्षेला कुणी कॅन्सरचा डॉक्टर बसला तर तेवढ्यावरून तुझी सालं काढेल.

मग काय करू, असं विचारशील. माझं ऐकशील तर प्रश्न उलटा धर. बाटलीपासून पेशंटकडे जाण्याऐवजी, इथल्या बायका-माणसांना खरोखर कुठली किरणं मिळतात तिथून मागे ये. लिनॅक एक झाला. दुसरं आमच्याच तळघरात आहे आणि तुझ्या सिनॉप्सिसमध्ये त्याचं नावही नाही: ब्रेकीथेरपी. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला बाहेरून ४५-५० ग्रे देऊन झाले की आतून डोस देतात. पोकळ नळ्या बसवायच्या आणि त्यांतून इरिडियमचा तांदळाएवढा सोर्स तारेच्या टोकावर पुढे सरकवत न्यायचा. इरिडियम-१९२ च्या किरणांची सरासरी ऊर्जा सुमारे ३८० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, लिनॅकच्या कितीतरी खाली. चो यांच्या त्याच पेपरमध्ये इरिडियमसाठी वाढ ५ ते ३१ टक्के निघालीय, सोन्याच्या प्रमाणावर आणि सोर्सपासूनच्या अंतरावर. तो तक्ता तुझ्याकडे होता, पण तू वरचीच ओळ उचललीस!

विचार कर. गाठ हाताला लागते, म्हणजे सुईने टोचता येते. शिरेतून जायचा ०.७ टक्क्यांचा वनवास टळतो. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय, दोन्ही चिकटून, त्यामुळे डोस वाढवायला जागाच नसते. तिथे दहा टक्केसुद्धा कामाचे. आणि ज्या बायका येतात त्या आतून दुखतंय हे घरी सांगायलाच वर्ष घालवलेल्या, उशिरा आलेल्या, मोठ्या गाठींच्या. मला विषय निवडायचा असता तर मी हाच घेतला असता.

लिनॅक असो की इरिडियम, पेशींवर प्रयोग करताना दोन गोष्टींवरून मी तुला सोडणार नाही. सहा मेगाव्होल्टचा डोस कातडीवर कमी असतो आणि सुमारे दीड सेंटिमीटर आत सर्वाधिक होतो. तुझ्या प्लेटमधल्या पेशी तळाला, वर जेमतेम काही मिलिमीटर माध्यम. प्लेट तशीच बीमखाली ठेवलीस तर पडद्यावर दोन ग्रे दिसतील आणि पेशींना मिळतील त्याहून पुष्कळ कमी. वर आणि खाली पर्स्पेक्सच्या पाट्या रचायच्या, मधे हवेची फट ठेवायची नाही, आणि तिथला डोस चेंबरने किंवा फिल्मने मोजून घ्यायचा. कुणी भौतिकतज्ज्ञ सोबत नसताना केलेले असले प्रयोग मी वाचलेत, आणि 'सोन्याने परिणाम वाढला' म्हणणारा आलेख खरं तर पाट्या विसरल्याचा आलेख असू शकतो.

दुसरं, पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून सांगणाऱ्या एमटीटी चाचणीवर थांबू नकोस. तीन दिवसांत रंग येतो म्हणून सगळे तेच करतात, पण तो जांभळा रंग ५७० च्या आसपास वाचतात आणि तुझं सोनं तिथेच शेजारी प्रकाश शोषतं. शिवाय रेडिएशनने मार खाल्लेली पेशी तीन दिवस जिवंत दिसते आणि नंतर विभागणीच्या वेळी मरते. वसाहती वाढवून मोज. दहा ते चौदा दिवस लागतात, पन्नास पेशींची झाली तरच वसाहत म्हणायची, डोळे फुटतात, सगळं खरं. पण आमच्या शाखेत शब्द त्याचाच चालतो. आणि चारही गट हवेत: काहीच न दिलेला, नुसतं सोनं, नुसतं रेडिएशन, दोन्ही. सर म्हणतील लगेच उंदरांवर जाऊ, पेपर मोठ्या ठिकाणी जाईल. नम्रपणे सांग, प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या नैतिकता समितीची परवानगी येईपर्यंत पेशींचं काम पक्कं करते. तशीही परवानगीला वेळ लागतोच, भांडण करावं लागणार नाही.

एक नाजूक गोष्ट. तू या विषयावर काम करतेस हे कळलं की नात्यातले फोन सुरू होतील. आत्याने मला विचारलंच, 'सोन्याने कॅन्सर जातो म्हणे, मग यांना सुवर्णभस्म चालू करू का?' पी हळद अन् हो गोरी! सुवर्णभस्मात सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेलं आहे, आणि लोक तेवढंच पकडतात. पण पोटातून घेतलेलं सोनं पुरेशा प्रमाणात गाठीत जाऊन रेडिएशनला हात देतं, याला माणसांतला आधार नाही. हे असं कोरडं बोलू नकोस गं. समोरचं माणूस भस्म विचारत नसतं, 'आम्ही काही करायचं ठेवलं तर नाही ना' हे विचारत असतं. मी म्हणते, रेडिएशनचा एकही दिवस चुकवू नका, रक्त वाढेल असं खा, तंबाखू सोडा आणि जे काही भस्म-काढा घेताय ते डॉक्टरांना आधी दाखवा. सिस्प्लॅटिन चालू असताना मूत्रपिंडांवर आणखी ओझं कशाला? तुझ्या संशोधनाचं विचारलं तर सांग, अजून बाटलीत आहे.

आणि निकाल शून्य आला तर? येऊ शकतो. सहा मेगाव्होल्टला काही फरक पडला नाही, हे पाट्या लावून, चार गट ठेवून, वसाहती मोजून सिद्ध केलंस तर ते काम आहे. छापायला जड जाईल एवढंच. थीसिस त्याने अडत नाही. आलेख ओढूनताणून सुंदर करायचा मोह होईल तेव्हा मला फोन कर, रात्री कितीही वाजता.

पुढच्या शनिवारी ये. पेशंट दुपारी संपतात, त्यानंतर आमचा क्यूए, म्हणजे मशीनची तपासणी, असतो, त्यात तासभर काढता येईल. सरांचं पत्र आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांच्या नावाने आण, नाहीतर मशीनच्या दारातून परत जावं लागेल. प्लेटची उंची मोजून आधी कळव, म्हणजे पाट्या काढून ठेवते. आणि बाटली आणशील ती नुसत्या फ्रीजमध्ये ठेवलेली, फ्रीझरमध्ये नाही. गोठली की कण गोळा होतात, हे तूच मला सांगितलंयस.

तुझी,
ताई